कोल्हापुरात झीन आणि मिनीकॉमिकचा मेळा भरवायचाय: टेबलं, पिना, पैसे यावर बोलूया

अर्धा_ताव (धागाकर्ता)

मंडळी, गणपती झाले, हात मोकळे झाले. दोन वर्षं डोक्यात घोळतंय ते आता मांडतोच. डिसेंबरातल्या एका रविवारी कोल्हापुरात छोटा मेळा भरवायचाय. स्वतः लिहिलेल्या, स्वतः चित्रं काढलेल्या, स्वतःच झेरॉक्स करून पिना मारलेल्या पुस्तिकांचा.

मी दिवसा एका छापखान्यात डीटीपी करतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की पत्रकं. रात्री १६ पानी कॉमिक काढतो. आतापर्यंत चार काढली. वाचक तीन: बायको, मेव्हणा आणि झेरॉक्सवाला. त्यात झेरॉक्सवाला सगळ्यात प्रामाणिक. तिसऱ्या अंकाला म्हणाला, "साहेब, नवव्या पानावर काळं लई झालंय. टोनर पण खाणार आणि वर पांढरे पट्टे पण येणार." आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झीन म्हणजे मॅगझीनचं शेपूट. उच्चार झीन, झाइन नाही. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या चाहत्यांनी घरच्या घरी अंक काढायला सुरुवात केली, १९४० मध्ये त्यांना 'फॅनझीन' हे नाव मिळालं, पुढे त्यातला फॅन गळाला. मिनीकॉमिक म्हणजे तेच, फक्त चौकटींतलं. प्रकाशक नाही, संपादक नाही, 'साभार परत' नाही.

काय नकोय ते आधी सांगतो. स्टेज नको. स्टेज आलं की खुर्च्या एका तोंडाला लागतात, अध्यक्ष येतात, अध्यक्षांना उशीर होतो, आणि ज्यानं रात्रभर बसून ४० प्रती शिवल्या तो मागच्या रांगेत टाळ्या वाजवत बसतो. फक्त टेबलं हवीत. टेबलाच्या अलीकडे करणारा, पलीकडे बघणारा. पलीकडच्यांपैकी दोघं-तिघं पुढच्या वर्षी अलीकडे आले तर मेळा जमला म्हणायचा.

एका जुन्या वाचनालयाचा वरचा हॉल तोंडी ठरलाय. २४ टेबलं मावतील. आता सांगा: टेबलाचे पैसे घ्यायचे का? किती? आणि कुणाला बसवायचं, कुणाला नाही, हे ठरवायचं का?

टाचणी

पुण्याहून मी येणार, अर्धं टेबल माझं. मंडपवाल्याचं टेबल सहा फुटी असतं, तीन फुटांत एका माणसाचं दुकान आरामात बसतं. त्यामुळे अर्धं टेबल देण्याची सोय ठेवाच. पहिल्यांदा येणाऱ्याकडे एकच पुस्तिका असते. त्याला सहा फूट दिले तर तो बिचारा पुस्तिका वीत-वीत अंतरावर मांडून दिवसभर रिकाम्या जागेकडे बघत बसतो.

निवड करू नका. जो आधी येईल त्याला टेबल. अट एकच: काम स्वतःचं हवं आणि टेबलावर स्वतः बसायचं. मुंबईत २०१७ पासून बॉम्बे झीन फेस्ट सुरू झाला, इंडी कॉमिक्स फेस्टही वेगवेगळ्या शहरांत भरतो. अशाच एका मेळ्यात माझ्या शेजारी एक मुलगा होता. त्याच्याकडे एकच झीन. आजीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात, 'सकाळची पांढरी, रात्रीची अर्धी पिवळी' असं. ३० रुपये. दुपारी जेवायच्या आत संपलं. माझी गुळगुळीत कागदावरची रंगीत प्रिंटं संध्याकाळी जशीच्या तशी घरी आली. निवड समितीत मी असते तर त्या मुलाला नक्की नाकारलं असतं, हे आज कबूल करते.

टेबलाचे पैसे मात्र घ्या. फुकट ठेवलंत तर नावं ४० येतील आणि सकाळी १५ टेबलं भरतील.

संत्रेवाला

काडी टाकून जातो. हे सगळं इन्स्टावर फुकट टाकता येतं, हजारो लोक बघतील. कागद, टोनर, हॉलचं भाडं, मंडपवाला, आणि शेवटी ६० पुस्तिका खपणार. हौसेला मोल नसतं हे ठीक, पण हिशोब तरी करा राव.

जुनीशाई

संत्रेवाले, काडी पेटलीच आहे तर चार ओळी शेकून घेतो.

मी डोंबिवलीचा, वय ७४. कॉलेजात असताना आम्ही तिघांनी अंक काढला, सायक्लोस्टाइल करून. मेणाचा स्टेन्सिल टाइपरायटरला लावायचा, फीत काढून ठेवायची, म्हणजे टंक थेट मेणावर आपटून अक्षर कोरतो. 'ळ' नीट उमटायचा नाही. चूक झाली की त्यावर तो लाल द्राव लावायचा. नेलपॉलिशसारखा वास, सुकेपर्यंत फुंकर मारत बसायचं. मग गेस्टेटनर यंत्राच्या रुळावर स्टेन्सिल चढवून दांडा फिरवायचा. दीडशे प्रतींनंतर स्टेन्सिल 'अ'च्या पोटात फाटायचा, म्हणून आमच्या अंकाच्या शेवटच्या प्रतींत सगळे 'अ' गरोदर. नखातली शाई आठवडाभर जात नसे, आणि आम्ही ती मुद्दाम जाऊही देत नसू.

हे आमचं काही वेगळं नव्हतं. १९५५ च्या सुमारास रमेश समर्थ, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांनी 'शब्द' काढला तोही सायक्लोस्टाइलच. साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो' आलं, मग ही लाटच उसळली. अनियतकालिक हा शब्द तेव्हाचा. 'पुढचा अंक कधी?' असं विचारलं की आम्ही मुखपृष्ठावरच्या त्या शब्दाकडे बोट दाखवायचो.

तेव्हा इन्स्टा नव्हतं, पण मोठी मासिकं होती. ती छापायची नाहीत म्हणून आम्ही काढलं असं सगळे म्हणतात. अर्धसत्य आहे. आम्ही त्यांच्याकडे पाठवलंच नव्हतं. आम्हाला छापून यायचं नव्हतं, आम्हाला छापायचं होतं. या दोहोंत फरक आहे, तो दांडा फिरवल्याशिवाय कळत नाही.

अवांतर: 'झीन' हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही. आपल्याकडे शाळाशाळांत हस्तलिखितं निघायची, कॉलेजात भित्तिपत्रकं लागायची. 'हस्तलिखित' म्हणा की.

पंचगंगा_पलीकडे

काका, नाद खुळा. गरोदर 'अ' आयुष्यभर विसरणार नाही.

नावाबद्दल माझं मत: 'हस्तलिखित मेळा' म्हटलं की लोक मोडीतली बाडं घेऊन येतील. आमच्या कोल्हापुरात तर नक्की येतील. 'पिनपुस्तिका' म्हणूया का?

वाचकमात्र

अनियतकालिक + १. पण पोस्टरवर तो शब्द वाचून कॉलेजची पोरं पळून जातील. झीनच राहू दे. टेबल, स्टेशन, पेन आपण पचवले, झीनही पचेल.

अर्धा_ताव

नावावरून धागा भरकटायच्या आत: पोस्टरवर 'झीन आणि मिनीकॉमिक मेळा', आणि खाली बारीक 'म्हणजेच हस्तलिखितं, अनियतकालिकं आणि पिना मारलेली इतर सर्व कागदपत्रं'. काका, चालेल ना?

संत्रेवाले, हिशोब मागितलात, घ्या. १६ पानी कॉमिक, पान ए-सिक्स, म्हणजे पोस्टकार्डाएवढं. ए-फोरच्या एका बाजूवर अशी चार पानं बसतात, पाठपोट आठ. म्हणजे १६ पानांना दोन ताव, चार बाजू. माझा झेरॉक्सवाला एका बाजूचे दीड रुपया घेतो. प्रत पडली ६ रुपयांना. ४० प्रती, २४० रुपये. विकतो २० ला. सगळ्या गेल्या तर ८००. श्रीमंत होणार नाही, पण पुढच्या दोन अंकांचा कागद सुटतो.

आणि ७० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम) ए-फोर कागदाचं वजन साडेचार ग्रॅमच्या आत. दोन ताव आणि वर साधं पाकीट, २० ग्रॅमच्या खूप खाली. म्हणजे ५ रुपयांच्या तिकिटात गडचिरोलीलाही जातं. इन्स्टावरची पोस्ट माझ्या मेव्हण्यानं कधी उशाशी ठेवलेली बघितली नाही. हे बारकं पुस्तक त्याच्या शर्टाच्या खिशात दोनदा धुतलं गेलंय.

संत्रेवाला

बरं, हिशोब मान्य. धुतलेल्या प्रतीचा फोटो टाका.

पोटोमॅककाठची

मेरीलँडहून लिहितेय. घरापासून अर्ध्या तासावर बेथेस्डाला स्मॉल प्रेस एक्स्पो भरतो, १९९४ पासून. आता तो मोठ्या हॉटेलच्या बॉलरूममध्ये असतो, पण आतला मामला तुम्ही म्हणता तसाच: रांगेनं टेबलं आणि मागे करणारी माणसं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा लाजेनं कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते. पुस्तिका उचलली आणि ठेवली की समोरच्याला वाईट वाटेल असं वाटायचं. मग एका बाईनं स्वतःच सांगितलं, "उचला, चाळा, परत ठेवा, मला सवय आहे." ही पाटी तुमच्या हॉलमध्ये मराठीत लावा. आपल्याकडे हात लावायला लोक जास्तच बिचकतात.

तिथे १९९७ पासून इग्नाट्झ पुरस्कार असतात. जॉर्ज हेरिमनच्या 'क्रेझी कॅट' या चित्रमालिकेतल्या उंदराचं हे नाव. तो सतत मांजरीला विटा फेकून मारतो, म्हणून पुरस्कार म्हणजे खरीखुरी वीट! मतं देतात मेळ्याला आलेले लोक. मिनीकॉमिकसाठी वेगळी वीट आहे.

जुनीशाई

वीट आपल्याकडे २८ युगं आधीच देऊन झालीय, ताई. फक्त तिच्यावर उभं राहायचं असतं.

पंचगंगा_पलीकडे

काका आज फॉर्मात.

नियमानुसार

पार्टीत पंक्चर काढतो, पण कामाचं आहे. 'नोंदणी करावी लागते का' असं कुणीतरी विचारणारच. १८६७ चा जुना छापखाने-पुस्तकं नोंदणीचा कायदा गेला. १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नियतकालिकांचा कायदा लागू आहे. त्यात नियतकालिक म्हणजे ठराविक काळानं निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य असलेलं प्रकाशन. पुस्तक त्यातून वगळलंय. तुमची वर्षातून वाटेल तेव्हा निघणारी मांजराची गोष्ट त्यात येत नाही. जुनीशाई यांनी बोट दाखवलं तो शब्द अजूनही कामाचा आहे.

मागच्या पानावर नाव, गाव, महिना-साल मात्र लिहा. कायद्यासाठी नव्हे, २० वर्षांनी कुणाला सापडली तर कळावं म्हणून. आणि दुसऱ्यांची पात्रं घेऊन कॉमिक काढणाऱ्यांनी जपून. भारतात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क शाबूत असतो.

वाचकमात्र

मग जपानातल्या मेळ्यांत कसं चालतं? तिथे तर निम्मी टेबलं दुसऱ्यांच्या पात्रांचीच असतात म्हणे.

नियमानुसार

प्रकाशक बघून न बघितल्यासारखं करतात. 'चालतं' आणि 'चालवून घेतात' यात वकिलाची फी असते.

अर्धा_ताव

जपानचं निघालंच आहे तर मला धीर देणारा आकडा सांगतो. टोकियोचं कॉमिकेट, म्हणजे हौशींच्या कॉमिकांचा मेळा, आज ज्याला लाखोंची गर्दी होते, ते २१ डिसेंबर १९७५ ला पहिल्यांदा भरलं तेव्हा ३२ गट बसले होते आणि आले होते जेमतेम ७०० लोक. आमची २४ टेबलं. फार लांब नाही!

त्यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिथे गिऱ्हाईक हा शब्दच नाही. विकणारा, विकत घेणारा, रांग लावणारा स्वयंसेवक, सगळे 'सहभागी'. मी आमच्या पोस्टरवरून 'प्रवेश विनामूल्य' खोडलं आणि 'या, बसा, तुमचंही काही असेल तर आणा' असं लिहिलं.

ठरलं ते असं: पूर्ण टेबल २५० रुपये, अर्धं १२५. निवड नाही. मोठ्यांसाठीचं काही असेल तर त्यावर ठळक चिठ्ठी आणि टेबलाच्या मागच्या बाजूला.

खडूफळा

मी चिपळूणजवळच्या शाळेत शिकवते. चौथीची मुलं आणू का? आठ आहेत. त्यांच्याकडून एका तावाची पुस्तिका करून घेते. ए-फोर आडवा धरून आठ घरं पडतील अशा घड्या घालायच्या, उलगडायचा, मधली आडवी घडी फक्त मधल्या दोन घरांपुरती कापायची. मग ताव लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलायची. समोरून बघितलं तर अधिकचं चिन्ह होतं, ते मिटलं की आठ पानी पुस्तक. पीन नाही, डिंक नाही, झेरॉक्सही एका बाजूचीच.

गेल्या वर्षी एका मुलीनं 'आमच्या म्हशीचे शत्रू' असं काढलं. पान १ गोचीड, पान २ कावळा, पान ३ काकाची मोटरसायकल. पान ७ वर मी होते, कारण शाळेमुळे तिला म्हशीकडे जाता येत नाही.

टाचणी

पान ७ साठी ५० रुपये आगाऊ पाठवू का?

अर्धा_ताव

खडूफळाताई, मुलांचं टेबल फुकट. वाद नको.

पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी एकत्र लिहितो, कारण व्यनितून (खाजगी निरोपांतून) तेच तेच विचारणं चाललंय. पानांची संख्या चारच्या पटीत हवी, नाहीतर शेवटी कोरं पान लोंबतं. पानांची जोडी कशी लावायची याला सोपी खूण: तावाच्या एकाच बाजूला घडीच्या दोन अंगांना शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानांहून एक जास्त. १६ पानी असेल तर १६ शेजारी १, २ शेजारी १५, १४ शेजारी ३. बेरीज १७ आली नाही की थांबा. माझ्या दुसऱ्या अंकात खून पान ११ वर झाला आणि प्रेत पान ६ वर सापडलं.

झेरॉक्सचं यंत्र कागदाच्या कडेला चार-पाच मिलिमीटर जागा सोडतं. तिथे डोळे, नाक, विनोद काही ठेवू नका. चित्र दुप्पट आकारात काढा, म्हणजे ए-फाइव्हवर काढून ७१ टक्क्यांना ए-सिक्स करा. रेघ घट्ट होते, हाताची थरथर लपते.

आणि मराठीत कॉमिक करणाऱ्यांनी: अक्षर आधी, फुगा नंतर. इंग्रजीच्या सवयीनं आपण आधी गोल काढतो, मग त्यात शब्द कोंबतो. आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाखाली उकार. दोन ओळींमध्ये मोकळी जागा नसेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला लाथ मारतो. 'तूर्तास' हा शब्द लिहून बघा म्हणजे कळेल.

टाचणी

आणि शिरोरेघ शेवटी मारा. आधी मारली तर शब्द रेघेच्या लांबीत बसवायच्या नादात शेवटचं अक्षर चेपतं.

लांब हाताचा स्टेपलर नसेल तर: साधा स्टेपलर उघडा करून, पुस्तिका जाड पुठ्ठ्यावर पालथी ठेवून घडीवर दाबायचा, मग पिनेचे पाय चमच्यानं आत वळवायचे. ४० प्रतींनंतर अंगठा विरोध करतो.

पंचगंगा_पलीकडे

लांब हाताचा माझ्याकडे आहे. मेळ्याला आणतो, टेबलावर ठेवू, ज्याला लागेल त्यानं वापरावा.

अर्धा_ताव

वाईट बातमी. मेळ्याला नऊ दिवस आहेत आणि हॉल गेला. तोंडी ठरला होता, तोंडीच गेला. त्याच दिवशी कुणाचातरी सत्कार आलाय, आणि सत्कारापुढे आपण कोण? चूक माझी. पावती घ्यायला हवी होती. 'आपलीच माणसं आहेत, पावती कशाला' असं म्हटलं की समजून जायचं.

पोस्टरं लागलीत. झेरॉक्स, काळीपांढरी, खर्च ४१०. हातानं दुरुस्त करतोय.

पंचगंगा_पलीकडे

थांबा, पत्ता बदलू नका अजून. आमच्या पेठेतल्या तालमीचा हॉल बघतो. वस्तादांशी बोलतो संध्याकाळी.

पंचगंगा_पलीकडे

मिळाला. ३,००० रुपये, पावतीसकट. वस्ताद म्हणाले, "पुस्तकं हायती न्हवं? मग काय हरकत न्हाई." अट एकच: नारळ फोडायचा. मी म्हटलं, आमचे धागाकर्ते उद्घाटनाच्या विरोधात आहेत. तर म्हणाले, "उद्घाटन कोण म्हनतंय? नारळ मारुतीचा."

जुनीशाई

अर्धा_ताव, मारुतीपुढे तत्त्व गुंडाळा. मी येतोय. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढलं.

अर्धा_ताव

झाला. काल झाला. पाय सुजलेत, म्हणून आडवं पडून लिहितोय.

सकाळी आठला मंडपवाल्याचा टेम्पो. तालमीतली चार पोरं व्यायाम आटोपून बसली होती, त्यांनी २४ टेबलं बारा मिनिटांत वर नेली. एकेक जण एकेक टेबल डोक्यावर उलटं घेऊन. भिंतीवर जुन्या पैलवानांचे फोटो, खाली आमचे कागद. नारळ वस्तादांनी फोडला, भाषण नाही, खोबरं सगळ्यांना. उद्घाटन म्हणाल तर एवढंच, आणि मला ते आवडलं हे मान्य करतो.

साडेदहाला घोळ झाला. हॉलला दोन्ही बाजूंनी खिडक्या, वारा आरपार. पहिल्या झुळकीला खडूफळाताईंच्या मुलांच्या सगळ्या पुस्तिका उडाल्या. एका तावाच्या, वजन काय त्यांचं! चौथीची आठ मुलं आणि ७४ वर्षांचे काका हॉलभर कागद पकडत धावतायत. खिडक्या लावल्या तर गुदमरायला होतं. वस्ताद आत गेले आणि वजनाच्या चकत्या घेऊन आले. अडीच किलोच्या, लोखंडी. दिवसभर प्रत्येक टेबलावर एक गठ्ठा पुस्तिका आणि वर गंजलेली चकती. फोटो टाकतो. आठ पानी 'आमच्या म्हशीचे शत्रू' अडीच किलोखाली.

एकूण ३१ जण बसले, कारण १४ जणांनी अर्धी टेबलं घेतली. लोक किती आले ते मोजलं नाही. मोजायला ठेवलेला मुलगा अकरा वाजता एका टेबलावर वाचत बसलेला सापडला. जाड भिंतींमुळे आत मोबाइलला रेंज नाही, सगळे क्यूआर कोड शोभेचे. सुटे पैसे बारापर्यंत संपले. मग अदलाबदल सुरू झाली, आणि खरा मेळा तेव्हाच सुरू झाला असं माझं मत. टाचणीताईंनी एक रंगीत प्रिंट देऊन तीन मिनीकॉमिक आणि एक हस्तलिखित घेतलं. इचलकरंजीचा एक मुलगा आला होता, वीस-एकविशीचा, यंत्रमागावर काम करतो. त्याच्याकडे टेबल नव्हतं. पिशवीतून वही काढली. रात्रपाळीत सुताच्या पुठ्ठ्यांवर काढलेली चित्रं, त्या वहीत चिकटवलेली. एकच प्रत. विकायची नव्हती, दाखवायची होती. काकांनी त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः दोन तास उभे राहिले. दुपारी पंचगंगा_पलीकडे त्याला झेरॉक्सला घेऊन गेला. पुठ्ठ्याचा काळेपणा आला नाही, धाग्यांच्या सावल्या आल्या. त्याला त्याच आवडल्या.

काकांनी १९७१ चा स्वतःचा अंक आणला होता. मी 'अ' पाहिला. खरंच गरोदर आहे.

हिशोब, कारण संत्रेवाले विचारणार. जमा: २४ टेबलांचे ६,००० (मुलांचं फुकट टेबल याबाहेर). खर्च: हॉल ३,०००, टेबल-खुर्च्या २,१६०, टेम्पो ५००, पोस्टरं ४१०, चहा ७८०. एकूण ६,८५०. तूट ८५०. दारात ठेवलेल्या डब्यात ५१२ निघाले. बाकी ३३८ माझे. नारळाचे पैसे वस्तादांनी घेतले नाहीत.

संत्रेवाला

३३८ मध्ये माझे १०० धरा, क्यूआर पाठवा. पुढच्या वेळी नागपूरहून अर्धं टेबल. काय काढणार ते माहीत नाही अजून.

खडूफळा

मुलं परतीच्या एसटीत चकत्यांचंच बोलत होती. सुटे नसल्यामुळे म्हशीच्या दोन पुस्तिका वस्तादांना नारळाच्या बदल्यात दिल्या. त्यांनी त्या मारुतीच्या फोटोमागे ठेवल्या.

वाचकमात्र

मी तिसऱ्या रांगेत उभा होतो, कुणाशी बोललो नाही. सात पुस्तिका घेतल्या. आयडी बदलावा लागेल बहुतेक.

पंचगंगा_पलीकडे

सगळं झकास. आता माझा लांब हाताचा स्टेपलर कुणाच्या पिशवीत गेला ते सांगा. निळा आहे, पाठीवर पांढऱ्या रंगानं 'प' लिहिलंय. आत २४/६ च्या पिना अर्ध्या भरलेल्या होत्या.

जुनीशाई

माझ्याकडे आहे. चुकून नाही, मुद्दाम आणला. आठ पानं शिल्लक आहेत, ती झाली की पार्सल करतो. पिना संपल्या आहेत.